सोळा दिवाळी अंकांच्या जुन्या फाइली युनिकोडमध्ये आणण्याचे काम : प्रकल्प नोंदी

४ जून २०२४

कृष्णाकाठच्या आमच्या सार्वजनिक वाचनालयाने १९९६ ते २०११ या काळात काढलेल्या सोळा दिवाळी अंकांचा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला सर्वत्र एकच क्रमांक देणाऱ्या संकेतप्रणालीत, आणण्याचे काम कार्यकारिणीने आज रीतसर माझ्याकडे सोपवले. काम निघाले ते एका सभासदांच्या मागणीमुळे. हे सभासद निवृत्त शिक्षक आहेत. गेल्या सहा वर्षांत त्यांची दृष्टी पूर्ण गेली असून ते संगणकावर एनव्हीडीए हे मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारे सॉफ्टवेअर, वापरून वाचन करतात. त्यांना आमचा १९९७ चा अंक ऐकायचा होता. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या कोयनेच्या भूकंपाला त्या वर्षी तीस वर्षे पूर्ण होत होती, म्हणून पाटण आणि कऱ्हाड तालुक्यांतल्या माणसांच्या आठवणी त्यांच्याच शब्दांत टिपून घेऊन त्या अंकात छापल्या होत्या. सांगणाऱ्यांपैकी बहुतेक जण आता हयात नाहीत आणि टिपणांच्या मूळ वह्याही वाचनालयात उरलेल्या नाहीत.

त्या अंकाची पीडीएफ आमच्याकडे होती आणि मी ती विश्वासाने सरांना पाठवली. सायंकाळी त्यांचा फोन आला. त्यांनी संगणकाचा आवाज फोनजवळ धरून मला ऐकवला. मराठीचा एक शब्दही त्यात नव्हता, सुट्या इंग्रजी अक्षरांची आणि विरामचिन्हांची एक न संपणारी माळ होती. माझ्या पडद्यावर त्याच क्षणी तेच पान स्वच्छ, सुबक मराठीत दिसत होते.

६ जून २०२४

कपाटातील सामग्रीची मोजदाद केली. १.४४ एमबीच्या ४१ फ्लॉपी, ९ सीडी, विंडोज एक्सपी असलेला एक जुना संगणक आणि छापील अंकांचे दोन गठ्ठे मिळाले. १९९७ च्या अंकाची एकच छापील प्रत शिल्लक आहे आणि तिची शेवटची वीस-पंचवीस पाने वाळवीने खाल्ली आहेत. फ्लॉपींपैकी २९ वाचता आल्या. उरलेल्यांच्या चकतीवर बुरशी दिसते, त्यामुळे त्या ड्राइव्हमध्ये घातल्या नाहीत.

वाचता आलेल्या फाइली दोन गोष्टींवर अवलंबून आहेत. अंकाची मांडणी पेजमेकर या पाने लावण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि तिच्यातील मराठी मजकूर त्या काळी विकत घेतलेल्या एका मराठी टंकलेखन पॅकेजच्या फाँटमध्ये आहे. पॅकेजचे नाव या नोंदींत लिहिणार नाही, कारण त्या काळातील जवळपास सर्वच पॅकेजांची पद्धत सारखी होती.

११ जून २०२४

या पॅकेजसोबत संगणकाच्या प्रिंटर पोर्टला लावायचे एक हार्डवेअर लॉक येत असे. डीटीपीवाले, म्हणजे संगणकावर पाने लावून देणारे, त्याला नुसते ‘लॉक’ म्हणतात. ते लावलेले नसेल तर फाँट पडद्यावर दिसतात, पण टंकलेखन करता येत नाही आणि मजकूर दुसऱ्या स्वरूपात बाहेर काढण्याची सोयही चालत नाही. आमचे लॉक सापडले, परंतु त्याच्या दोन पिना वाकून तुटल्या आहेत. अंक लावून देणारे आमचे डीटीपीवाले काका म्हणाले, “ताई, लॉक गेलं म्हणजे पॅकेजच गेलं असं तेव्हा आम्ही धरूनच चालायचो. कपाटात कुलूप लावून ठेवायचो ते लॉक.”

कंपनीला दूरध्वनी केला. बोलणारे गृहस्थ सौजन्याने बोलले. जुन्या आवृत्तीचे लॉक आता मिळत नाही. नवी आवृत्ती विकत घेतल्यास तिच्यात जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलण्याची सोय आहे आणि ती एका संगणकापुरती चालते, असे त्यांनी सांगितले. फाँटमधील कोणत्या घरात, म्हणजे क्रमांकावर, कोणते अक्षर बसवले आहे याचा तक्ता तरी मिळेल का, असे विचारले. तो कंपनीची मालमत्ता असल्याने देता येत नाही, असे उत्तर मिळाले.

हे उत्तर मला दिवसभर टोचत राहिले. पॅकेज तयार करणाऱ्यांनी मेहनत घेतली होती आणि त्याचे मोल वाचनालयाने त्या वर्षीच्या देणगीतील मोठी रक्कम देऊन चुकते केले होते. त्याची पावती अजून फाइलीत आहे. परंतु लेख आमच्या लेखकांचे आहेत, आठवणी आमच्या तालुक्यातील माणसांच्या आहेत आणि टंकलेखन आम्ही केलेले आहे. त्या मजकुरातील ‘क’ कोणता, हे सांगण्याचा अधिकार मात्र अठ्ठावीस वर्षांनंतरही विक्रेत्याकडेच राहिला आहे.

१५ जून २०२४

कार्यकारिणीतील सदस्यांना अडचण समजावी म्हणून आज सविस्तर टिपण केले, ते येथेही उतरवून ठेवते.

संगणक अक्षर साठवतो ते क्रमांकाच्या रूपात. त्या काळच्या फाँटमध्ये एकूण २५६ घरे असत, त्यांतील पहिली ३२ वापरता येत नसत आणि उरलेली मुळात रोमन अक्षरांसाठी व चिन्हांसाठी ठरलेली होती. मराठी फाँट करणाऱ्यांनी रोमन अक्षरांचे क्रमांक तसेच ठेवून त्यांच्या जागी देवनागरी अक्षरांचे तुकडे रेखाटले. कृतिदेव या फाँटचा नकाशा आता सर्वज्ञात असल्याने त्याचेच उदाहरण घेते. ‘राम’ हा शब्द कृतिदेवमध्ये लिहिला, तर संगणकाच्या लेखी ती जे, के आणि ई अशी तीन रोमन अक्षरे असतात. ‘भारत’ म्हणजे कॅपिटल एच, के, के, जे आणि आर. ‘य’ हे अक्षर तर रोमन अर्धविरामाच्या घरात बसवलेले आहे. म्हणजे कागदावर आणि पडद्यावर मराठी दिसते, फाइलीत मात्र मराठी नसतेच. माणसाचा डोळा आकार वाचतो म्हणून त्याला फरक पडत नाही. स्क्रीन रीडर क्रमांक वाचतो. संगणकावरचा शोधही क्रमांकच जुळवून पाहतो, म्हणूनच आमच्या अंकांच्या फाइलींत ‘कोयना’ हा शब्द शोधला असता एकदाही सापडत नाही.

प्रत्येक विक्रेत्याने हे तुकडे आपापल्या सोयीने वेगळ्या घरांत बसवले, त्यामुळे एका पॅकेजचा मजकूर दुसऱ्या पॅकेजच्या फाँटमध्ये उघडला की निरर्थक होतो. एकदा एका पॅकेजमध्ये शंभर पाने टंकित केली की ग्राहक दुसरीकडे जाण्याचा विचारच करत नसे. पर्याय नव्हता असेही नाही. भारतीय लिप्यांसाठी इस्की ही प्रमाण संकेतप्रणाली भारतीय मानक ब्युरोने १९९१ मध्ये स्वीकारली होती. युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची असून तिच्यातील देवनागरीची १२८ घरे इस्कीच्या आधीच्या रूपावरूनच आखलेली आहेत. सर्वसामान्य संगणकावर युनिकोड देवनागरी प्रत्यक्ष दिसू लागली ती विंडोज २००० पासून. तोपर्यंत छपाईचा सगळा व्यवहार बंदिस्त फाँटवर स्थिरावला होता आणि पुष्कळ ठिकाणी तो आजही तसाच चालू आहे.

२२ जून २०२४

दुसरे कुलूप पेजमेकरचे. ॲल्डस कंपनीने १९८५ मध्ये आणलेले हे सॉफ्टवेअर १९९४ मध्ये अडोबीकडे गेले, त्याची शेवटची ७.० ही आवृत्ती २००१ मध्ये आली आणि पुढे त्याचा विकास थांबला. त्याच्या जागी आलेल्या इनडिझाइनमध्ये सीएस ६ आवृत्तीपर्यंत पेजमेकरच्या ६.० पासूनच्या फाइली उघडत असत. मासिक अथवा वार्षिक वर्गणीवर मिळणाऱ्या आजच्या आवृत्त्यांत त्या उघडत नाहीत. आज वर्गणी भरणाऱ्यालाही त्याची स्वतःची १९९७ ची फाइल उघडता येत नाही, ही वस्तुस्थिती कार्यकारिणीतील दोन सदस्यांना आरंभी खरीच वाटेना.

वाट सापडली ती लिब्रे ऑफिस या मोफत सॉफ्टवेअरमुळे. बंदिस्त स्वरूपांतील फाइली उलगडण्यासाठी स्वयंसेवकांनी २०१४ मध्ये डॉक्युमेंट लिबरेशन प्रोजेक्ट सुरू केला. त्यातून झालेल्या कामामुळे लिब्रे ऑफिसच्या ड्रॉ या भागात पेजमेकरच्या फाइली उघडतात. आमची १९९७ ची फाइल तेथे उघडली. चौकटी सरकल्या, दोन स्तंभ एकमेकांवर चढले, चित्रांच्या जागा रिकाम्या राहिल्या, परंतु मजकूर पूर्ण मिळाला. मला तेवढाच हवा होता.

२९ जून २०२४

कार्यकारिणीची बैठक झाली. हे करणे कायद्याला धरून आहे का, असा प्रश्न अध्यक्षांनी विचारला. सभासद असलेल्या वकिलांनी प्रतिलिपी अधिकार अधिनियम, १९५७ काढून पुढील बाबी वाचून दाखवल्या.

कलम ५२ प्रमाणे, संगणक प्रणाली कायदेशीरपणे ज्याच्या ताब्यात आहे, त्याने ती ज्या कामासाठी घेतली त्यासाठी अथवा राखीव प्रत म्हणून तिची नक्कल करणे हा हक्कभंग नाही. तसेच स्वतंत्रपणे तयार केलेली दुसरी प्रणाली तिच्याबरोबर चालावी म्हणून लागणारी माहिती अन्य मार्गाने सहज मिळत नसेल, तर ती मिळवण्यासाठी आवश्यक ती कृती करण्यासही मुभा आहे. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५ ए तांत्रिक संरक्षण मोडण्याबद्दल दोन वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद करते. मात्र त्यासाठी हक्कभंग करण्याचा हेतू असावा लागतो, आणि कायद्याने स्पष्टपणे मनाई न केलेल्या कारणासाठी केलेली कृती त्यात येत नाही. आम्ही तर लॉक मोडत नाही आणि पॅकेजची नक्कलही करत नाही. आमच्याच मजकुरातील क्रमांक छापील पानाशी ताडून पाहतो आहोत.

लेखांच्या हक्कांचा प्रश्न वेगळा आहे आणि तो वकिलांनी योग्य वेळी मांडला. अंक आमचा असला तरी बाहेरच्या लेखकांच्या लेखांवरील हक्क लेखकांचाच आणि त्यांच्या पश्चात साठ वर्षे त्यांच्या वारसांचा असतो. त्यामुळे परवानगी मिळेल तेवढेच लेख सर्वांसाठी खुले करायचे, असे ठरले. दृष्टिहीन वाचकांसाठी मात्र थांबण्याचे कारण नाही. त्याच २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये, अपंग व्यक्तींना वाचता येईल अशा स्वरूपातील प्रत नफ्याविना तयार करून देण्यास मुभा दिली आहे. याच हेतूने झालेल्या २०१३ च्या मराकेश कराराला सर्वांत आधी अनुसमर्थन देणारा देश भारत होता, ही माहिती वकिलांनी सांगितली तेव्हा मला मनापासून आनंद झाला. परंतु कायद्याने दिलेली मुभा कुलूपबंद फाइलीपुढे हतबल ठरते. हा अधिकार कायद्यात २०१२ पासून होता, पण तो सरांच्या कानापर्यंत पोहोचवण्यासाठी तक्ता कोणीच देत नव्हते.

८ जुलै २०२४

तक्त्याचे काम सुरू आहे. पद्धत साधी आणि कष्टाची आहे. डावीकडे छापील पान, उजवीकडे फाइलीतून निघालेली रोमन अक्षरे, आणि मध्ये वही. एकेक क्रमांकासमोर त्याचा आकार लिहायचा. पहिल्या तीन दिवसांत १३० घरे भरली.

प्रत्येक आकाराला एक युनिकोड अक्षर मिळाले असते तर काम आठवड्यात संपले असते, पण तसे नाही. पुष्कळ अक्षरे दोन तुकड्यांत आहेत. ‘ग’ म्हणजे अर्धा ‘ग’ आणि त्यापुढे काना, त्यामुळे ‘गाव’ या शब्दात दोन काने लागोपाठ येतात आणि त्यांतील पहिला अक्षराचा व दुसरा स्वराचा आहे, हे ओळखावे लागते. पहिली वेलांटी दिसते तशीच, म्हणजे व्यंजनाच्या आधी साठवलेली आहे. युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने व्यंजनानंतर लागते. रफाराचे याच्या उलट आहे. ‘सूर्य’ लिहिताना तो सर्वांत शेवटी टंकित केलेला आहे, तो ‘य’च्या आधी आणावा लागतो. ‘वर्षांनी’सारख्या शब्दात तर रफार आणि अनुस्वार मिळून एकच आकार आहे.

२० जुलै २०२४

आजचा पूर्ण दिवस एका अक्षरावर गेला आणि तो जायलाच हवा होता.

पहिल्या रूपांतरात आमच्या तालुक्याचेच नाव चुकले. ‘कऱ्हाड’ऐवजी सर्वत्र ‘कर्हाड’ असे, ‘ह’च्या डोक्यावर रफार असलेले रूप आले. १९९९ च्या अंकात गुऱ्हाळांवर मोठा लेख आहे. त्यात गुऱ्हाळ हा शब्द साठहून अधिक वेळा येतो आणि प्रत्येक ठिकाणी तो बिघडला. मराठीत रफार आणि हा आडवा अर्धा ‘र’ यांत केवळ दिसण्याचा फरक नाही. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधले खोलगट भाग. आचार्यांना वाकून नमस्कार करायचा आणि आचाऱ्यांना स्वयंपाकाचे सांगायचे. युनिकोडमध्ये यासाठी नुक्ता असलेल्या ‘ऱ’चे स्वतंत्र घर आहे, त्यापुढे हलन्त देऊन हे रूप होते. हेच रूप साध्या ‘र’ला हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह लावूनही दिसते, आणि दोन्ही दिसायला अगदी सारखी असली तरी एक शोधल्यास दुसरे सापडत नाही. आम्ही सर्वत्र पहिलीच पद्धत ठेवायची असे ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहिले.

३ ऑगस्ट २०२४

एक नुकसान झाले, ते नोंदवून ठेवणे आवश्यक आहे. २००४ च्या अंकाचा मजकूर मी तपासणीसाठी शब्दप्रक्रियेच्या एका सॉफ्टवेअरमध्ये उघडला. वाक्याचे पहिले रोमन अक्षर आपोआप मोठे करण्याची आणि अवतरणचिन्हे वळवण्याची सोय त्यात चालू होती. त्याला ती इंग्रजी वाक्येच वाटली. कृतिदेवच्या उदाहरणात सांगायचे तर पहिला जे मोठा झाला की ‘राम’चा ‘श्राम’ होतो, तसेच आमच्याकडे जवळपास प्रत्येक परिच्छेदाच्या आरंभी झाले. मूळ फाइल सीडीवर सुरक्षित होती म्हणून निभावले. यापुढे कच्चा मजकूर केवळ साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडायचा आणि मूळ फाइलीची प्रत आधी बाजूला ठेवायची, असा नियम केला आहे.

१८ ऑगस्ट २०२४

१९९७ च्या अंकातील सर्व सतरा आठवणी काल सरांना पाठवल्या. त्याआधी मी स्वतः प्रूफ वाचले होते आणि ग्रंथपालबाईंनीही वाचले होते.

आज सकाळी सरांचा फोन आला. त्यांनी रात्रीतून सगळे ऐकून काढले होते. आरंभीच म्हणाले, “अगं, चौकटीतल्या मजकुरात तो ‘धराच्या भिंती’ म्हणतोय. ‘घराच्या’ असणार. आणि ‘घरण’ म्हणतोय ते धरण असणार.” मी पान काढून पाहिले. चौकटींतील ठळक फाँटचा नकाशा साध्या फाँटपेक्षा थोडा वेगळा आहे आणि तेथे अर्धा ‘घ’ व अर्धा ‘ध’ माझ्याकडून तक्त्यात उलटसुलट लिहिले गेले होते. आम्ही दोघींनी ती वाक्ये वाचली होती, पण वाचताना मन अर्थाच्या मागे जाते आणि डोळा जे असायला हवे तेच पाहतो. सरांच्या कानाने ते सोडले नाही. तक्ता दुरुस्त केला आणि तोवर हाती असलेल्या सर्व अंकांचे रूपांतर नव्याने चालवले.

सरांनी मग एका आठवणीबद्दल सांगितले. तिच्यातील बाई त्यांच्या शाळेतल्या एका विद्यार्थ्याची आजी होती. त्या पहाटे गोठ्यातील म्हैस सोडायला ती परत आत गेली होती, हे त्यांना इतक्या वर्षांत माहीत नव्हते.

२१ सप्टेंबर २०२४

सोळापैकी तेरा अंक पूर्ण झाले. २००१ आणि २००२ च्या फाइली न वाचता आलेल्या फ्लॉपींवर होत्या. त्यांची छापील पाने स्कॅन करून टेसरॅक्ट या चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने मजकूर काढतो आहोत. त्यात चुका पुष्कळ आहेत, पण प्रूफ वाचणारे चार सभासद मिळाले आहेत. २००८ चा अंक अद्याप कोठेही सापडलेला नाही.

अक्षरांचा तक्ता पूर्ण झाल्यावर तो खुल्या परवान्याखाली सर्वांसाठी ठेवला आहे. त्याच पॅकेजमध्ये टंकित केलेली स्मरणिका असलेल्या शेजारच्या तालुक्यातील एका शिक्षणसंस्थेने तो घेतला आणि आमच्याकडे सुटलेली तीन जोडाक्षरे भरून परत पाठवला.

५ ऑक्टोबर २०२४

यंदाच्या अंकासाठी डीटीपीवाल्या काकांशी करायच्या कराराचा मसुदा आज ठरला. मजकूर युनिकोडमध्येच असावा, फाँट खुल्या परवान्याचा असावा आणि छपाईच्या पीडीएफसोबत केवळ मजकुराची साधी फाइलही वाचनालयाला द्यावी, या तीन अटी त्यात आहेत. काकांची हरकत रास्त होती. त्यांचा हात पंचवीस वर्षे जुन्या फाँटवर बसला आहे, युनिकोडमध्ये जोडाक्षरे तुटल्याचा अनुभव त्यांनी घेतला आहे आणि मुदत दिवाळीची आहे. त्यांच्याजवळ बसून इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर हा जोडाक्षरे नीट जुळवणारा पर्याय निवडून दाखवला, तेव्हा तुटलेली अक्षरे जुळली. एक टाइपचा मुक्त आणि आयआयटी मुंबईचा शोभिका असे दोन फाँट लावून पाने काढली. शीर्षकांसाठी काकांना त्यांचे जुने वळणच आवडते आणि शीर्षके जुन्या फाँटमध्ये लावण्याची परवानगी त्यांनी मागितली. मी नाही म्हटले. अनुक्रमणिकेत शोधताना सर्वांत आधी शीर्षकेच लागतात.

१९ ऑक्टोबर २०२४

अंक छपाईला गेला. काकांनी दिलेली मजकुराची फाइल उघडून ‘कऱ्हाड’ शोधले, २३ ठिकाणी सापडले. छापील प्रुफात मोजले तर २४ आहेत. चोविसावे पृष्ठ ८८ वरच्या जाहिरातीत आहे आणि ती जाहिरात चित्र म्हणून आलेली आहे. जाहिरातदारांकडून मजकूर मागवला आहे. सरांना अंक सोमवारी पाठवायचा आहे.